होय की नाही

"तिला शिडीला बांधा," लिकिनोस म्हणाला. "दोन गाठी ताणल्या की साचा कुणाचा ते आपोआप बाहेर येईल."

लिडे आपल्या धन्याच्या, फानियासच्या मागे उभी होती. गेली वीस वर्षं ती त्याच्या भट्टीवर दिवे भाजत होती. ती जागची हलली नाही, पण अंगावरची शाल तिने मुठीत घट्ट धरली.

अथेन्सच्या कुंभारवाड्यात यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. गुलामाची साक्ष घ्यायची तर त्याला शिडीला ताणूनच घ्यायची. ताणल्याशिवाय तो खरं बोलतच नाही, हे शेंबडं पोरही सांगे. आणि धन्याने गुलाम द्यायला नकार दिला, तर धन्याच्याच पोटात पाप आहे असं लोक धरून चालत. फानियासपुढे इकडे आड, तिकडे विहीर होती. नाही म्हणावं तर तो चोर ठरणार, होय म्हणावं तर लिडेचे सांधे निखळणार. भांडण होतं द्राक्षवेलीच्या नक्षीच्या, दिवे घडवायच्या एका साच्यावरून. फानियास म्हणे, तो बापाच्या हातचा. लिकिनोस म्हणे, माझ्या दुकानातून चोरलेला.

दोघांनी मिळून पंच नेमला होता तो फोर्मिस, जन्मभर जहाजाचं सुकाणू धरलेला म्हातारा. तो म्हणाला, "बोल फानियास. देतोस तिला की नाही?"

"ते मागाहून. आधी लिकिनोसला थोडं विचारायचंय. त्याने सरळ उत्तर द्यायचं, होय की नाही."

लोक हसायला लागले. साठी उलटल्यावर हा गडी बाजारातल्या रंगीत ओवरीत तत्त्वज्ञांकडे वाद घालायला शिकायला जात होता. दोन वर्षांत एकदाही जिंकला नव्हता. घरी परतताना शेजारी हमखास विचारायचे, "काय आजोबा, आज कुणाकडून मार खाल्लात?"

"विचार की," लिकिनोस म्हणाला. "मिसरूड न फुटलेली पोरं तुला लोळवतात. मी तर बाप्यागडी आहे."

ओवरीत फानियास हरायचा तो घाईपायी. मधली पायरी गाळून शेवटावर उडी मारायचा आणि तोंडावर पडायचा. आज मागे लिडे उभी होती. आज पायरी गाळून चालणार नव्हतं.

"ताणल्याशिवाय गुलाम खरं बोलत नाही, असं तू म्हणतोस?"

"होय. मीच काय, सगळं गाव म्हणतं."

"मी साचा चोरला, हे तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या दाओसने. त्याने तो तुझ्या फळीवर पाहिला."

"दाओस तुझा गुलाम?"

"होय. विकत घेतलेला."

"सांगितलं तेव्हा त्याला ताणलं होतंस?"

"छे. मला जेवायला वाढताना बोलला."

फानियासने एक श्वास घेतला. "म्हणजे दाओस न ताणता बोलला. न ताणलेला गुलाम खरं बोलत नाही. तेव्हा दाओस खरं बोलला नाही. मग मी चोर कशावरून?"

मागे कुणीतरी तेच वाक्य बोटांवर मोजून पाहत होतं. लिकिनोसचा चेहरा तांबडा झाला.

"मग दाओसलाही बांधा," तो ओरडला. "दोघांनाही बांधा."

टोपली घेऊन कडेला उभा असलेला दाओस मटकन खाली बसला. हे फानियासने हिशेबात धरलंच नव्हतं. एकीला वाचवायला आलो आणि दुसऱ्याला शिडीवर चढवलं, असं त्याला झालं. तो पुन्हा पहिल्या पायरीशी गेला. मग सावकाश बोलला.

"समज, बांधलंस दाओसला. तो एक तर आधीचंच सांगेल, नाही तर वेगळं सांगेल. आधीचंच सांगितलं, तर तो न ताणताही खरं बोलला होता. तुझा नियम मोडला, मग कुणालाच शिडी नको. वेगळं सांगितलं, तर तुझा आरोप मोडला. मग भांडणच उरलं नाही, तेव्हाही शिडी नको. तिसरी वाट दिसत असेल तर दाखव."

फोर्मिसच्या दाढीआडून हसू फुटलं. "लिकिनोस, एकच पदरात पडेल. नियम ठेवतोस की आरोप?"

"आरोप," लिकिनोस दातओठ खात म्हणाला. "बरं बाबा, गुलाम कधीकधी न ताणताही खरं बोलतो. झालं समाधान?"

"झालं," फानियास म्हणाला. त्याचं मन आभाळाला टेकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो वादात जिंकला होता. रोज टोमणे मारणाऱ्या कुंभारांनी मातीच्या हातांनीच त्याची पाठ थोपटली.

फोर्मिसने हात वर केला. "आता नियमच गेला, तर तिलाही असंच विचारू. लिडेबाई, हा साचा कुणाचा?"

लिडेने आधी मागे वळून पाहिलं, जणू लिडे नावाची दुसरीच कुणी तिथे असावी. मग ती पुढे आली आणि तिने फोर्मिसपुढे ठेवलेला साचा उचलून पालथा केला. पाठीवर, माती ओली असताना दाबलेल्या अंगठ्याचा खळगा होता, आणि खळग्यात एक आडवा वळ. लिडेच्या अंगठ्यावर जुन्या जखमेचा व्रण होता. तिने अंगठा खळग्यात ठेवला. वळ व्रणात नेमका बसला.

"माझा आहे," ती म्हणाली. "थोरले धनी गेले त्या हिवाळ्यात केला."

लिकिनोस निघून गेला. जमलेले लोक आनंदाने ओरडत होते, पण फानियासला ते ऐकू येत नव्हतं. बापाच्या हातचा म्हणून हा साचा त्याने अख्ख्या गावाला मिरवून दाखवला होता.

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी, धनी?"