तिरपा ओळंबा

“माझं दार लावलं की आपोआप उघडतं गं,” पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. “एकदा आत येऊन बघ. मला हे लक्षण काही ठीक दिसत नाही.”

ती जिन्यात उभी होती. कडेवर गोटी, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी.

“बिजागरीला तेल घाला, बाई,” ती मोठ्याने म्हणाली. निवृत्त झाल्यापासून बाईंना कमी ऐकू यायचं आणि कानातलं यंत्र कानात कमी, डबीत जास्त असायचं. दार हे निमित्त, असं तिला वाटलं. कुणीतरी येऊन दोन घटका बसावं, एवढंच बाईंना हवं असणार. तिला ते कळत होतं. तीही दिवसभर एकटीच असायची.

नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात. चौथ्या मजल्यावर ती, तेरा महिन्यांची गोटी आणि खिडकी. खिडकीबाहेर, शेजारच्या मोकळ्या जागेत आधी एक खोल खड्डा झाला, मग त्यातून खांब आले, आता भिंती चढत होत्या. दिवसभरात मोठ्या माणसांचे आवाज कानावर पडायचे ते तिथलेच. कोण कामचुकार, कोण गातो, डोक्याला पंचा बांधलेला म्हातारा मिस्त्री कुणावर खेकसतो, सगळं तिला पाठ होतं.

त्या मंगळवारी मिस्त्री भिंतीला ओळंबा लावत होता. लांब दोरी, टोकाला लोखंडी गोळा. वारा नव्हता, तिच्या खिडकीत वाळत घातलेली लंगोटसुद्धा हलत नव्हती. तरीही ओळंबा तिच्या खिडकीच्या गजाशी जुळेना. खालचं टोक कुणी डावीकडे ओढून धरावं तसा तो तिरपा लोंबत होता.

तिने एक डोळा मिटून बघितलं. मग दुसरा मिटून.

भिंत तिरपी असती तर तिला समजलं असतं. पण दोरी? दुसऱ्या दिवशी तिने क्रेनच्या आकड्यावर नजर ठेवली. तोही डावीकडे. हौदातलं पाणीसुद्धा खिडकीच्या चौकटीशी लावून बघितलं तर एका बाजूला कललेलं. कॉलेजात तिचं भौतिकशास्त्र बरं होतं, पण असलं काही कुठल्या पुस्तकात नव्हतं. जणू त्या जागेत ‘खाली’ ही दिशाच थोडी सरकली होती, आणि तिथे राबणाऱ्या कुणाच्या ते गावीही नव्हतं.

“दोरी तिरपी म्हणजे?” फोनवर नवऱ्याने विचारलं.

“म्हणजे सरळ खाली लोंबत नाही.”

“वारा असेल.”

“नव्हता.”

“तू नीट झोपतेस ना?”

तिने विषय बदलला. “गोटी धावायला लागली. खिडकीजवळच्या डाव्या कोपऱ्याकडे सुसाट जाते. तिथून माझ्याकडे ये म्हटलं, की दोन पावलांत बसकण मारते.”

“हुशार आहे. आईकडे गेलं की वरणभात खावा लागतो.”

“हसू नकोस. दहादा बघितलं मी.”

“अगं, गोटीच ती. घरंगळणारच.”

तीही हसली. फोन बंद झाल्यावर थोडा वेळ तिने तो तसाच कानाशी धरून ठेवला.

मग तिने काचेवर पेनाने खूण केली. रोज त्याच जागी उभं राहून ती ओळंब्याची वाट बघायची. आठ दिवसांत दोरीचं टोक खुणेपासून बोटभर सरकलं. त्या तिरप्या दोरीवर बेतलेली भिंत कोसळली तर कुणाच्या अंगावर येणार, हे तिला दिसत होतं. तिने गोटीची गादी खिडकीपासून लांब ओढली. गादी ओढताना दम लागला. अंगात ताकदच उरली नाही, असं तिला वाटलं.

नवव्या दिवशी सकाळी ती गोटीला घेऊन खाली निघाली. बाई दारातच होत्या.

“तुझं तेल लागू पडलं गं. आता दार इतकं घट्ट बसलंय, की बाहेरून उघडताना खांदा लावावा लागतो.”

“बघा, म्हटलं नव्हतं?”

“आता तरी ये. चहा टाकते.”

“येते, बाई. आधी एक काम आहे.”

बाईंनी आत जाऊन दार लोटलं. ते धाडकन बसलं.

मिस्त्रीने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि पंच्याने तोंड पुसलं. “ताई, भिंत तिरपी असते. माणूस तर असतोच असतो. दोरी कशी तिरपी असेल?”

“तुम्ही लावून दाखवा.”

त्याने ओळंबा सोडला. गोळा दोनदा हेलकावला आणि थांबला. दोरी आणि भिंत, मधलं अंतर वरपासून खालपर्यंत सारखं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पण माझ्या खिडकीतून तिरपी दिसते,” ती पुटपुटली. “गजाशी लावून बघितली मी. रोज.”

“कुठली खिडकी?”

तिने न वळताच मागे हात केला. मिस्त्रीने दोरी डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. गोटीने त्याचा पंचा ओढला तरी तो हलला नाही.

“ताई,” तो हळू आवाजात म्हणाला, “तुमच्या इमारतीत आत्ता कोण कोण आहे?”

ती वळली. दोरीच्या एका बाजूला तिच्या इमारतीचा तळमजला होता आणि दुसऱ्या बाजूला तिची खिडकी.

आता मिस्त्री आमच्या इमारतीच्या फाटकातून ओरडतोय, माणसं जिना उतरतायत, आणि कडेवर मूल आहे म्हणून तिला कुणी आत सोडत नाही. समोर येईल त्याला ती एवढंच सांगते, तुम्हालाही सांगते: पहिला मजला, डावीकडचं दार, बाई आत आहेत का बघा. हाका मारू नका, त्यांना ऐकू जाणार नाहीत. खांदा लावा.