अर्धवट कान

रेवती साने संग्रहालयात दगडांचे आवाज ऐकायची. छिन्नीच्या खाचांत उमटून राहिलेलं हजारो वर्षांपूर्वीचं बोलणं यंत्र तिला मराठीत करून देई. आज ती इजिप्तमधल्या एका बाईच्या दगडी मुखवट्याचे, गेल्या आठवड्यात टिपलेले आवाज ऐकत होती. असे मुखवटे मृतांसाठी घडवत. त्यामुळे गालावरच्या खाचेतून त्या बाईचाच आवाज आला, तेव्हा रेवतीच्या अंगावर काटा आला.

"माझा चेहरा किती राहिलाय?" बाई विचारत होती.

"फक्त डावा कान," कारागीर म्हणाला. "तो झाला की ते तुला न्यायला येतील. म्हणून मी तो पुरा करणारच नाही."

मुखवट्याचा डावा कान खरंच अर्धवट होता. प्रदर्शनाआधी तो पूर्ण करायचं काम मूर्तिकार अंतूकाकांकडे होतं.

रेवती धावतच त्यांच्या कार्यशाळेत गेली. "काका, त्या कानाला हात लावू नका."

"आता सांगतेस? सकाळीच झाला तो."

"तेव्हा इथे आणखी कोण होतं?"

"कोण असणार? मी एकटाच होतो."

रेवतीने यंत्राची सुई ताज्या खाचांवर टेकवली. आधी काकांचा खोकला ऐकू आला, मग पंख्याची घरघर. पाठोपाठ पुष्कळ अनवाणी पावलं जवळ येत गेली. एक बाई कुणाला तरी कळवळून काही सांगू लागली आणि यंत्राने ते मराठीत केलं.

"थांबा, त्याने मला शब्द दिलाय."