लुकड्याची पोरं

"साठच्या साठ नर!" धाकटी शेडमधून ओरडतच बाहेर आली आणि थोरलीच्या हातातली बादली हिंदकळली.

बाबा खुर्चीतून उठले. गुडघ्यांमुळे हल्ली ते कुणासाठी उठत नसत. थोरलीसाठी तर नाहीच. तिने ते बरोबर टिपलं.

हॅचरी बाबांची. तिलापिया माशांची पिल्लं तळेवाल्यांना पुरवायची. तळेवाल्यांना नर हवे असतात, कारण ते भराभर वाढतात. माद्या असल्या की अंडी घालून तळं बारक्या पिल्लांनी भरून टाकतात. साध्या नराची निम्मी पिल्लं नर, निम्म्या माद्या. पण एखाद्याच्या अंगात दोन्ही गुणसूत्रं नराचीच असतात, आणि त्याची झाडून सारी पोरं नर निघतात. बाहेरून बघितलं तर तो इतरांसारखाच.

असे नर निपजतील अशी एक वीण बाबांनी मोठ्या खटपटीने तयार केली होती. तिच्यातले चार-चार नर दोघी मुलींना देऊन ते म्हणाले होते, "जिच्या नराची सगळी पोरं नर, हॅचरी तिच्या ताब्यात. आणि माशाचं तोंड बघत बसू नका. पोरं मोजा."

थोरली इथे पंधरा वर्षं राबत होती. धाकटी शिकून परत आली त्याला वर्षही झालं नव्हतं. थोरलीचे तीन नर साधे निघाले. चौथा लुकड्या. त्याला तिने मादीजवळ सोडलंच नव्हतं. "ह्याच्याकडून काय व्हायचंय डोंबल," म्हणत ती त्याला उरलंसुरलं खाद्य टाकायची. तेही टाकायला ती विसरली, तर तिला पाहताच तो वर येऊन आ वासून बसायचा.

ती धाकटीच्या शेडमध्ये शिरली. चष्म्यावर वाफ धरली.

"काय उकडतंय गं इथे!"

धाकटीने वळून पाहिलं, आणि घाईने खिडकी उघडली. "हा बघ ताई, माझा राजा."

राजा कसला! अंगाने लुकड्याएवढाच. एका विणीचे भाऊ, दुसरं काय.

"ओळखतेस कसा गं?"

"टाकीत एकटाच तर आहे. ओळखायचं काय त्यात?"

बाबा काठी टेकत आले. "एकदा मोजून माझं समाधान होत नाही. दोघींनी पुन्हा वीण घ्या. शंभर-शंभर पिल्लं मी स्वतः मोजणार."

धाकटीचा चेहरा उतरला. 'नखरे,' थोरली मनात म्हणाली.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पंधरा वर्षं टाक्या घासल्या कुणी, आणि कौतुक कुणाचं? तिचा नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी खाद्य आणायला गेली. थोरली बादली घेऊन तिच्या शेडमध्ये गेली. राजा बादलीत, लुकड्या टाकीत. पाच मिनिटांचं काम. परत येताना बादली तिने घट्ट धरली होती.

अडीच महिन्यांनी बाबा धाकटीच्या शेडमध्ये सूक्ष्मदर्शक मांडून बसले. आधी थोरलीची पिल्लं.

"नर. मादी. मादी. नर." शंभरात एकोणपन्नास माद्या.

थोरलीला घाम फुटला. राजाची पोरं, आणि माद्या? विचारणार तरी काय, आणि कोणत्या तोंडाने!

"बाबा, माझी मोजूच नका," धाकटी एकदम रडायला लागली. "मागच्या वेळी हीटर अडकला होता. पाणी छत्तीसवर गेलं होतं."

"आणि कोवळेपणी तेवढं तापलं, की माद्यांचेही नर होतात," बाबा सावकाश म्हणाले.

"ताई उकडतंय म्हणाली तेव्हा लक्षात आलं. पण तोवर मी साठच्या साठ नर म्हणून ओरडून बसले होते. राजा साधाच आहे, बाबा. या वेळी पाणी अठ्ठावीसवर ठेवलंय. आता काय निघायचं ते निघेल."

थोरलीच्या छातीवरचा धोंडा उतरला. चोरी वाया गेली खरी, पण ही पण आपटली की! तिला इतकं बरं वाटलं, की तिने धाकटीच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला.

"रडू नकोस गं. बाबा, मोजा तुम्ही. तिच्यावर अन्याय नको. शंभरच्या शंभर मोजा."

बाबांनी मोजायला घेतलं. नर. नर. नर. पन्नाशी उलटली तशी धाकटी रडायची थांबली. नव्वदनंतर बाबांचा आवाज कापायला लागला. शंभरावं पिल्लू बघून ते गुडघे विसरून उठले, खिशातल्या किल्ल्या त्यांनी धाकटीच्या ओंजळीत ठेवल्या आणि म्हणाले, "तुझा राजा बघू दे गं मला."

तिघंही टाकीशी आले, आणि थोरलीला पाहताच मासा लगबगीने वर आला आणि उरल्यासुरल्या खाद्यासाठी आ वासून बसला.