दारूबंदी समितीचा खोकला

दिवे लागले की दारूबंदी समितीला खोकला व्हायचा. आधी अध्यक्ष दिगंबरराव खोकायचे, मग सगळे सभासद. औषध एकच, द्राक्षासव. ते चमच्याने घ्यायचं असतं. समिती पेल्याने घ्यायची.

बाटल्या भराभर संपतात म्हणून दिगंबररावांच्या पत्नी वत्सलावहिनींनी एकदा पेलाभर चाखून पाहिलं. घशातून ऊब उतरली आणि डोक्यात प्रकाश पडला.

पुढच्या बैठकीआधी त्यांनी बाटलीत काडेचिराइताचा कडूजहर काढा भरून ठेवला.

खोकला उठला, पेले भरले. पहिल्याच घोटाला तोंडं वेडीवाकडी झाली, पण औषध थुंकणार कसं?

“गुण येतोय ना?” दारातून वहिनींनी विचारलं.

“येतोय,” अध्यक्ष कसेबसे म्हणाले.

त्यानंतर कुणालाच खोकला आला नाही. बैठकीलाही कुणी आलं नाही.