चार नंबरची टाकी

"बारक्या आत आहे," फिटर पाचव्यांदा म्हणाला. "चार नंबरच्या टाकीत. शपथेवर सांगतो, साहेब."

फाटकाच्या पलीकडे कार्मिक अधिकारी उभे होते. बारा वाजता कंपनीने टाळेबंदी जाहीर केली, तेव्हापासून कामगार फाटक बडवत होते. साहेबांना बाहेर यायला आत्ता सवड झाली होती.

"आत कोणी नाही." त्यांनी पायाशी ठेवलेल्या बादलीकडे बोट दाखवलं. "चौसष्ट कामगार, चौसष्ट बिल्ले. सगळे जमा आहेत."

टाकी घासायला उतरणारा माणूस आपला पितळी बिल्ला टाकीच्या तोंडाशी अडकवून जातो. बिल्ला लटकतोय तोवर झाकण लावायचं नाही, हे या दूध कारखान्यात झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. त्याच भरवशावर फाटकाशी गलका झाला तेव्हा फिटर टाकीवरची राखण सोडून बघायला आला होता. दोन मिनिटांसाठी. तेवढ्यात पहारेकऱ्यांनी सगळ्यांना बाहेर रेटलं. ते आज सकाळीच भाड्याने आणलेले. कंपनीची मालमत्ता म्हणून त्यांनी दिसेल तो बिल्ला गोळा केला आणि दिसेल ते झाकण लावलं. कामाला अगदी चोख माणसं.

"दोन वाजता धुलाईचा पंप आपोआप सुरू होतो, साहेब. टाकीत उकळतं कॉस्टिक सोड्याचं पाणी येतं. माणूस सोलून निघेल. तेवढा पंप बंद करायला सांगा."

"पंप उत्पादन विभागाकडे आहे. ते सगळे आज घरी आहेत."

"मग मला सोडा आत. खटका कुठे आहे ते मला माहीत आहे."

"टाळेबंदीत कामगाराला आत घेता येत नाही."

साहेब काही दगडाच्या काळजाचे नव्हते. बारक्याच्या लग्नाला ते आले होते, पोटभर जेवून गेले होते. त्यांनी थोडा विचार केला आणि एखादा नियम सापडला की उजळायचा तसा त्यांचा चेहरा उजळला.

"एक मार्ग आहे. संघटनेचा राजीनामा आणि हमीपत्र. सही केलीत की तुम्हाला टाळेबंदी लागू राहत नाही. मग आत यायला हरकत नाही."

फाटकाच्या गजांमधून कागद बाहेर आला. कंपनी असा कागद काढणार अशी कुणकुण होती; मेलो तरी त्यावर सही करणार नाही, असं सकाळीच सगळ्यांनी म्हटलं होतं. फिटरनेच ते प्रत्येकाकडून वदवून घेतलं होतं.

"कर रे बाबा," मागून कोणीतरी हळूच म्हणालं. "लवकर कर."

फिटरला वाचायचं भान नव्हतं. बारक्या त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. दोन मुलांचा बाप झाला तरी अंगाने एवढासाच, टाकीच्या तोंडातून सहज उतरतो म्हणून फिटरनेच त्याला इथे चिकटवलं होतं. आता बायकोला काय सांगायचं? त्याने कागद गजावर टेकवला आणि सही केली. पेन इतक्या घाईने ओढलं की एका कोपऱ्याला कागद फाटला.

अधिकाऱ्यांनी कागद घेऊन शांतपणे पाहिला आणि परत दिला.

"तारीख राहिली."

फिटरने तारीख घातली.

"शेजारी वेळ."

"साहेब, पाया पडतो, आधी फाटक उघडा."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही हो."

फिटरच्या हाताला घड्याळ नव्हतं. अधिकाऱ्यांनी स्वतःचं मनगट वळवून पाहिलं.

"दोनला दोन मिनिटं कमी आहेत," ते म्हणाले. "दोनच लिहा."