लेखकाला सोडून सगळ्यांना

"माझ्या लेखाप्रमाणे विंचूदंशाचं औषध दिलं आणि बाई बेशुद्ध पडली," डॉ. मृणाल खांबेटे ग्रंथालयाच्या काउंटरवर हात आपटत म्हणाल्या. "दवाखान्यातून विचारतायत, नक्की काय लिहिलंय? मला एकही ओळ आठवत नाहीये."

"मॅडम, प्रकाशकाशी नवा करार झालाय," ग्रंथपाल उपळेकर शांतपणे म्हणाले. "लेख आता कुणाच्याही डोक्यात फुकट उतरतो. फक्त हक्क प्रकाशकाचे, म्हणून वर्षभर लेखकाच्या डोक्यातून काढून घेतात. सही तुमचीच आहे."

"तुम्ही तरी उतरवलाय का?"

"कालच." उपळेकरांनी डोळे मिटले. "किलोमागे तीन थेंब."

"तीन? एवढ्यात बैल आडवा होईल. कुठल्या गाढवाने लिहिलं हे?"

खांबेटेंनी दवाखान्याला फोन करून औषध थांबवायला सांगितलं आणि त्या पुन्हा उपळेकरांकडे वळल्या.

"आता ताबडतोब दुरुस्ती टाका. राज्यभरातल्या डॉक्टरांच्या डोक्यात हेच बसलंय."

"दुरुस्ती फक्त लेखकाला करता येते."

"मीच लेखक आहे."

"हो, पण आपण काय लिहिलंय ते लेखकाला आठवावं लागतं," उपळेकर म्हणाले. "तुम्हाला पुढच्या जूनमध्ये आठवेल. तेव्हा या."