बुजवलेले खड्डे

"तू खण, मी बुजवते," बायको बेरिल नेव्हिलला म्हणायची. नेव्हिल धातू शोधायचं यंत्र फिरवत पुढे, ती मागून माती दाबत. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

आज इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या त्या कुरणात त्याला चांदीचं जुनं नाणं सापडलं, पण खड्डा बुजवायला गुडघे वाकेनात. उघड्या खड्ड्यात गाईचा पाय मोडला, तर मालक पुन्हा फाटक उघडणार नव्हता. आणि या कुरणाशिवाय नेव्हिलला आता होतंच काय?

त्याने कानांवरचे हेडफोन काढले. मागे कुणीतरी माती दाबत होतं. धप्. धप्.

फाटकातून मालक हसला. "काय नेव्हिल, बाईमाणसाला राबवता होय?"

नेव्हिलने मागे पाहिलं नाही. जन्मभर ओठांत राहिलेलं तो हळूच बोलला, "बेरिल, तू होतीस म्हणून निभलं गं."